गंबो खायचा तर लाफायेटला उतरा

ह्यूस्टनहून लुइझियानाला निघालेली आपली मंडळी बहुधा थेट न्यू ऑर्लिन्स गाठतात. गंबोसाठी, म्हणजे भातावर घ्यायच्या इथल्या दाट रश्श्यासाठी, जात असाल तर त्याच्या बरंच अलीकडे, लाफायेटला उतरा. आय-१० महामार्गाने साधारण साडेतीन तास लागतात. केजन लोकांचा मुलूख हाच.

हे मूळचे फ्रेंच बोलणारे शेतकरी, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागात वसलेले. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हुसकून लावलं आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्यांच्यातली अनेक कुटुंबं या पाणथळ प्रदेशात येऊन स्थिरावली. गावातलं अकेडियन कल्चरल सेंटर आणि त्याच्या शेजारचं व्हर्मिलियनव्हिल हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय जेवणाआधी बघून घ्या, म्हणजे वाडग्यात काय काय आहे ते कळतं. गंबो दाट करायला वापरतात ती भेंडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली. सॅसाफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड, म्हणजे फीले, इथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. या पदार्थाला केजन म्हणताना या दोघांचंही ऋण मानायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आम्हाला नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या आईने घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांचा गंबो त्यांच्या आजीकडून आलेला, कुठेही लिहून न ठेवलेला. बिडाच्या जाड भांड्यात तेल आणि तेवढाच मैदा घालून त्या मंद आचेवर हलवत राहिल्या. याला रू म्हणतात. लाडवाचं बेसन भाजणाऱ्या कुणालाही हे काम ओळखीचं वाटेल, पण आपण जिथे गॅस बंद करतो तिथून पुढे यांचं भाजणं बराच वेळ चालतं. आधी पांढुरका, मग बदामी, मग विटकरी आणि शेवटी गडद चॉकलेटी. पाऊण तास बाई जागच्या हलल्या नाहीत. मधे फोन वाजला, तो वाजू दिला. काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात करायची, करपट चव नंतर कशानेही झाकत नाही. "किती वेळ भाजायचं?" असं विचारल्यावर त्यांनी उलथनंच माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वास बदलला की तुलाच कळेल." खरंच कळलं.

मग चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकदम आत. त्यानंतर कोंबडीचं स्टॉक, कोंबडीचे तुकडे, धुरी दिलेलं ऑन्डुई सॉसेज आणि मंद आचेवर दीड-दोन तास. टोमॅटो अजिबात नाही. वाढताना भातावर गंबो आणि त्याच वाडग्यात बटाट्याचं गार सॅलड. गरम, दाट रश्श्यात ते आंबटसर सॅलड फार छान लागतं, बाजूला काढून ठेवू नका.

घरचं आमंत्रण नसेल तर प्लेट लंच, म्हणजे एकाच ताटात वाढलेलं दुपारचं जेवण, देणारी साधी दुकानं शोधा. ती मुख्यतः कामाच्या दिवशी दुपारी चालतात आणि माल संपला की बंद होतात, तेव्हा बाराच्या आत पोहोचा. गंबो हे थंडीतलं खाणं. पहिला गार वारा सुटला की घरोघरी भांडं चढतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्डी ग्रा या ख्रिस्ती उपासकाळाआधीच्या सणाच्या दिवशी मामू आणि युनिस या गावांच्या परिसरात मुखवटे घातलेले लोक दारोदार फिरून गंबोसाठी शिधा मागतात, चिखलातून जिवंत कोंबडीमागे धावतात. ते बघायचं असेल तर राहण्याची सोय खूप आधी करा आणि खराब झाले तरी चालतील असे बूट घाला. वसंतात गेलात तर गंबोपेक्षा क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे जीव, मागवा, तेव्हा हंगाम भरात असतो.

शाकाहारींची मात्र पंचाईत होते. पालेभाज्यांचा गंबो झेर्ब नावाचा प्रकार मूळ उपासाचा, पण आता त्यातही बहुतेक ठिकाणी मांस घालतात. राजमा, हिरव्या भाज्या, भात यांतसुद्धा डुकराचं मांस असू शकतं. "मीट नाही ना?" एवढं पुरत नाही, स्टॉक आणि सॉसेजबद्दल वेगळं विचारा.

येताना फीले नक्की आणा. ते उकळत्या गंबोत घातलं तर तार सुटते, म्हणून गॅस बंद केल्यावर किंवा पानात वाढल्यावरच भुरभुरायचं. ऑन्डुई आणायचं असेल तर गाडीत बर्फाची पेटी ठेवा.