मॉर्फिन दिलं, तरी दुखतंय

मणक्याच्या क्षयाच्या पेशंटला दुखण्याची सवय झालेली असते, हे वाक्य मी सरकारी रुग्णालयांत सर्रास ऐकत आले आहे. इतके महिने पाठ दुखतच होती, मग ऑपरेशननंतर आणखी थोडं दुखलं तर काय बिघडलं, असा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात उलटं घडतं. दुखणं महिनोन्महिने चालू राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू अधिक हळवे होतात. तेवढ्याच जखमेनं या माणसाला शेजारच्या खाटेवरच्यापेक्षा जास्त दुखतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. ज्या पेशंटबद्दल सांगते आहे ती ऊसतोड करणारी, बीडकडची, पस्तिशीतली बाई. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, दिवसभर तोडणी आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणं. अशा बाईची पाठ दुखली तर क्षयाची शंका कोणाला येणार? उसण भरली म्हणून फडावरच चोळून घेतलं, मग गावातल्या डॉक्टरची सुई, मग मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं, पण ते अंगमेहनतीच्या खात्यावर गेलं. पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि एक दिवस सरीतच पाय लुळे पडले, तेव्हा एमआरआय झाला. आठवा आणि नववा डॉर्सल, म्हणजे पाठीतला, मणका खाल्लेला, पू मज्जारज्जूवर दाबतोय. हाडांच्या क्षयात जवळपास निम्मे पेशंट मणक्याचे असतात. पर्सिव्हल पॉटने १७७९ साली याचं वर्णन केलं, म्हणून आमच्या केसपेपरवर अजून ‘पॉट्स स्पाइन’ असंच लिहितात.

क्षयाच्या गोळ्या, म्हणजे आमच्या भाषेत एकेटी, सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. तरी पायांची ताकद वाढत नव्हती, म्हणून ऑपरेशन ठरलं: पाठीमागून पू काढायचा, मज्जारज्जूवरचा दाब मोकळा करायचा आणि वरखाली स्क्रू-रॉड टाकून कणा बांधायचा. भूल ठीक गेली. पालथं झोपवताना पोटावर दाब येऊ द्यायचा नाही, नाहीतर जखमेत रक्त जास्त जातं. डोळेही सांभाळायचे. हे सगळं नेहमीचंच. शेवटी सर्जननी जखमेच्या कडेनं ब्युपिव्हाकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचलं, त्यामुळे संध्याकाळी बाई शांत होती. या औषधाचा जोर काही तासच टिकतो. खरी परीक्षा रात्रीच असते.

रात्री एचडीयूतून, म्हणजे जास्त लक्ष ठेवायच्या वॉर्डातून, रेसिडेंटचा फोन आला. “मॅडम, एचडीयूतली स्पाइनची बाई ओरडतेय. प्रोटोकॉलप्रमाणे मॉर्फिन दिलंय, दोनदा. पॅरासिटामॉलही लावलंय.”

गेले तेव्हा बाई ओरडत नव्हती, कण्हत होती. ओठ दाताखाली, मूठ खाटेच्या दांड्यावर. सिस्टर अनुभवी आणि मनानं चांगल्या, पण त्यांचा निकाल लागलेला होता. “मिश्री लावते मॅडम ती. पिशवीत डबी सापडली. कसली ना कसली सवय असणार आधीची. मॉर्फिन मागायची नाटकं आहेत ही.” मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिचा मॉर्फिनशी काही संबंध नाही, एवढं बोलून मी पेशंटकडे वळले.

मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणं अचानक वाढलं तर आधी औषधाकडे नाही, पायांकडे बघायचं. आत रक्त साठून मज्जारज्जू दाबला जात असेल तर औषध वाढवत बसणं म्हणजे पाय घालवणं. “बोटं हलवा.” हलली, सकाळी होती तेवढीच. ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, वाहत होता. जखमेभोवती फुगवटा नव्हता, लघवीचा कॅथेटरही तुंबला नव्हता. पिशवीतली लघवी नारिंगी होती, रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध घेणाऱ्या पेशंटची असते तशी. सकाळच्या एकेटीच्या तीन गोळ्या भुलेआधी घोटभर पाण्याबरोबर द्यायला मीच सांगितलं होतं, आणि भुलेच्या कागदावर रिफाम्पिसिनपुढे ‘मॉर्फिन कमी पडेल’ असंही लिहिलं होतं. कागद फायलीत होता. रात्रीच्या वेळी वाचला जातो तो भिंतीवरचा प्रोटोकॉल.

रेसिडेंटला तिथेच समजावलं. रिफाम्पिसिन यकृतातली आणि आतड्यातली औषधं फोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतं. एक-दोन आठवड्यांत ही यंत्रणा पूर्ण जोरात येते आणि गोळी चालू आहे तोवर तशीच राहते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना रोज ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन देऊन मग तोंडानं मॉर्फिन दिलं, तेव्हा रक्तातलं मॉर्फिन पाव हिश्श्याहून जास्त घटलं आणि वेदनाशामक परिणाम जवळपास गेलाच. शिरेतून दिलं तर फरक इतका नसावा, कारण आतड्यातली गळती टळते. शिवाय या बाईची मज्जासंस्था महिनोन्महिने दुखण्यात होरपळलेली होतीच. सगळं खापर एकट्या रिफाम्पिसिनवर फोडता येणार नाही. पण मिश्रीच्या डबीवर तर मुळीच नाही.

तिला विचारलं, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” ती माझ्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न आम्ही रोज विचारतो आणि निम्म्या पेशंटच्या तोंडून मिळेल तो आकडा लिहून मोकळे होतो. मग म्हटलं, “रुपयात किती आणे दुखतंय, बाई?”

“सोळा आणे, मॅडम. श्वास घ्याया येईना.”

हे मला पुरलं. श्वास घेता येत नाही म्हणजे खोकता येणार नाही, कूस बदलता येणार नाही, आणि ३८ किलोच्या या शरीरात न्यूमोनिया शिरायला तेवढं बास.

मॉर्फिनचं कपाट डबल लॉकचं. किल्ल्या दोघींकडे, रजिस्टरवर दोन सह्या, रिकामी अँपूल परत. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचा धाक इतका बसलेला आहे की २०१४ च्या दुरुस्तीनं परवान्यांची भानगड बरीच कमी केली तरी हात आखडतोच. मी खाटेशी उभी राहिले आणि एकेक मिलिग्रॅम देत गेले, दर वेळी काही मिनिटं थांबून. बघायचं काय, तर हाक मारल्यावर डोळे उघडते का आणि मिनिटाला श्वास किती. सुरुवातीला सव्वीस होते. नॅलॉक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, भरून ट्रेमध्ये ठेवलं, मुख्यतः सिस्टरांच्या जिवाला घोर नको म्हणून. श्वास अठरावर आले तेव्हा प्रोटोकॉलची कमाल मात्रा कधीच मागे पडली होती. ती टक्क जागी होती.

नुसतं मॉर्फिन वाढवत नेणं शहाणपणाचं नव्हतं. केटामाइन या भुलेच्या औषधाची अगदी बारीक धार पंपावर लावली, तासाला चार मिलिग्रॅम. एवढ्यानं भूल चढत नाही, पण चिडलेल्या मज्जारज्जूला आवर बसतो. पॅरासिटामॉल मात्र कमी केलं: प्रोटोकॉलमध्ये सरसकट एक ग्रॅम, पण ५० किलोच्या आतल्या पेशंटला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे हिला पाचशे सत्तर, आणि एकेटीनं यकृत आधीच कामाला जुंपलेलं. केटोरोलॅक या वेदनाशामकासाठी सर्जनना उठवलं. हाड जुळायला त्यानं उशीर होतो म्हणून त्यांचा नेहमी विरोध असतो. दोन दिवसांपुरतं, किडनीचे रिपोर्ट बघून, एवढ्यावर ते तयार झाले. झोपेत होते म्हणून असेल.

पहाटे तिनं स्वतःहून सांगितलं, “बारा आणे फरक हाय.” मी खोकायला लावलं. खोकली. सिस्टरांनी आणि मावशींनी मिळून कण्याला पीळ न देता एका कुशीवर वळवलं, तेव्हा कण्हली, पण श्वास रोखला नाही. सिस्टरांनी मिश्रीची डबी नवऱ्याच्या हातात दिली आणि “पुन्हा आणलीस तर बघ” म्हणाल्या. तंबाखूबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

सुट्टीच्या वेळी नवा पेच. घरी द्यायला आपल्याकडे सगळे ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहितात, पण तेही रिफाम्पिसिनपुढे टिकत नाही, आणि मणक्याच्या क्षयाला एकेटी किमान वर्षभर चालते. तोवर ट्रॅमाडॉल कमी पडलं म्हणून बाई मेडिकलमधून एकाच्या दोन, दोनाच्या चार गोळ्या घेणार, हे मला दिसत होतं. सुट्टीपर्यंत दुखणं बरंच उतरलं होतं. मोजून पॅरासिटामॉल, रात्री कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन (ते यकृतात फुटतच नाही, सरळ लघवीतून जातं) आणि पाठीचा पट्टा एवढ्यावर भागवलं. कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं: क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

नवऱ्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, “मोळी कधी उचलंल ही?” उचल फिटायची होती. मी त्याला सर्जनकडे पाठवलं. “हाड जुळेपर्यंत मोळी नाही, आणि नंतरचं नंतर बघू,” असं त्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं, मुकादमाला दाखवायला.