मर रोगाच्या प्लॉटमधली पीएचडी

आमच्या प्रक्षेत्रावर एक तुकडा असा आहे, जिथे हरभरा मरावा म्हणूनच पेरतात. त्याला सगळे ‘सिक प्लॉट’ म्हणतात. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी तिथल्या मातीत मुरवलेली, रोगट झाडांची धाटंही तिथेच गाडायची. मध्ये मध्ये मरीला हमखास बळी पडणाऱ्या जेजी ६२ या वाणाच्या ओळी. महिन्याभरात त्या माना टाकत नाहीत, तोवर बाकीच्या नोंदींना किंमत नाही.

माझा संकर याच जेजी ६२ चा, राहुरीच्या ‘विजय’ या वाणाशी. विजय मरीला दाद देत नाही. हरभऱ्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःचं परागीकरण उरकतं, म्हणून कळी कोवळी असतानाच चिमट्याने दहाही पुंकेसर काढायचे. आंबीने बोटं चरचरतात आणि एवढं करून बहुतेक कळ्या गळतात.

एफ-२ मधलं, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीतलं, झाड मेलं की विषय संपला, त्याचीच चाचणी पुन्हा घेता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडाचा एकेक दाणा पुढच्या पिढीत नेत स्थिर ओळी करायच्या. शेतात रब्बी वर्षातून एकदाच. ‘पीएचडी कधी संपणार?’ असं मावशीने विचारलं की मी सांगायचे, ‘अजून एफ-५.’

खरी डोकेदुखी नोंदींची. मेलेलं प्रत्येक झाड मरीनेच मेलेलं नसतं. उपटायचं, मुळाजवळ ब्लेडने उभा छेद द्यायचा. आत काळपट रेघ दिसली तर मर. मूळ ठिसूळ, उपमुळं झडलेली, तर कोरडी मूळकुज. ती बुरशीच वेगळी. शिवाय काही ओळी उशिरा मरायच्या, त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं? उत्तर ऐंशीच्या दशकातल्या अभ्यासांत होतं. रेस १ च्या, म्हणजे या बुरशीच्या एका प्रकाराच्या, विरोधात तीन जनुकं. एकटं जनुक मरण फक्त लांबवतं, कोणतीही दोन एकत्र आली की झाड तगतं. तेव्हापासून ‘मेलं’ एवढंच न लिहिता कितव्या दिवशी मेलं तेही लिहायला लागले.

मार्करचं, म्हणजे प्रतिकारक जनुकांजवळच्या डीएनएमधल्या खुणा शोधण्याचं, काम त्यामानाने सरळ. डीएनए काढा, जेलवर त्याचे तुकडे वेगळे करा. मात्र सॉफ्टवेअर चुकीच्या नोंदींवरूनही जनुकांचा देखणा नकाशा काढून देतं, हे कुणी आधी सांगत नाही.

मार्करच्या या पद्धतीचा उपयोग होतो, यात शंका नाही. कर्नाटकातल्या अन्निगेरी-१ या वाणात डब्ल्यूआर ३१५ या मरप्रतिकारक हरभऱ्याची प्रतिकारशक्ती मार्करच्या मदतीने आणून ‘सुपर अन्निगेरी-१’ तयार झाला. माझ्या मात्र मरीतून वाचलेल्या काही ओळी कोरड्या मूळकुजीने गेल्या. उष्ण, कोरड्या हवेत ती बोकाळते. त्या ओळींचं राखून ठेवलेलं बियाणं यंदा वेगळं, उशिरा पेरलंय.