ऑशविट्झला जाताय? एजंटाला टाळा, बिर्केनाऊला वेळ द्या

पोलंडमधल्या क्राकोवच्या जुन्या चौकात दर दहा पावलांवर ऑशविट्झ सहलीचा फलक आहे. ऑशविट्झ म्हणजे नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारलं ती छावणी, आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे. आम्हाला एका एजंटाने छातीठोकपणे सांगितलं की संग्रहालयाची तिकिटं संपली, आता फक्त त्याच्याकडेच मिळतील. वर व्हिएलिच्काची मिठाची खाणही त्याच दिवसात! पैसे घेतले ते भरमसाट. तिथे पोचल्यावर कळलं की या स्मारकात प्रवेशच फुकट आहे, पैसे पडतात ते गाइडचे. बाकीचे गेले बसच्या डिझेलात आणि त्याच्या खिशात.

तेव्हा सरळ संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि ती लवकर करा, कारण गाइडशिवायच्या वेळा मोजक्याच असतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, दारावर ताडून बघतात. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. क्राकोवच्या मुख्य बस स्थानकावरून छावणी ज्या गावात आहे त्या ओश्वियेंचिमला साधी बस जाते, साधारण दीड तास. एजंटाची गरज शून्य.

ऑशविट्झ-१ मध्ये, म्हणजे मूळ छावणीत, गर्दी मागून ढकलत असते. ब्लॉक म्हणजे कैद्यांच्या इमारती. ब्लॉक ४ मध्ये काचेमागे बायकांच्या केसांचा ढीग आहे. तिथे फोटो काढायचा नाही, हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते. ब्लॉक ५ मधल्या सुटकेसांवर पांढऱ्या रंगात ठळक नावं आणि जन्मतारखा लिहिल्या आहेत. सामान परत मिळेल अशी थाप मारून ती लिहायला लावली होती.

आमच्या गाइडने ब्लॉक २७ चक्क गाळला, मी मागे राहून पाहिला. तिथे याद वाशेम या इस्रायलमधल्या स्मारक-संस्थेने केलेला, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावांचा ग्रंथ आहे, भलीमोठी पानं आणि त्यात ४० लाखांहून जास्त नावं. एकूण मारले गेले सुमारे ६० लाख, त्यातल्या कित्येकांची नावंसुद्धा अजून गोळा व्हायची आहेत. एक म्हातारे गृहस्थ एका आडनावावर बोट ठेवून पान खाली वाचत होते. पान संपलं, पुढच्यावरही तेच आडनाव होतं. गाइड बाहेरून हाका मारत होता, मी गेलो नाही.

आता खरा राग. तिथून तीन किलोमीटरवरच्या बिर्केनाऊला, म्हणजे ऑशविट्झच्याच दुसऱ्या, मोठ्या छावणीला, आमच्या सहलीने जेमतेम पाऊण तास दिला. ऑशविट्झच्या सगळ्या छावण्यांत मिळून मारलेल्या सुमारे ११ लाखांपैकी जवळपास १० लाख ज्यू होते आणि त्यातले बहुतेक बिर्केनाऊतच मारले गेले. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू आणले, त्यांच्यासाठी रूळ थेट छावणीच्या आत नेले. त्या रुळांकडेची खडी पायांना टोचते आणि सावली औषधालाही नाही. जाड तळव्याचे बूट, टोपी आणि पाणी हवंच. गट एसएसनेच (छावणी चालवणारं नाझी दल) उडवलेल्या दोन गॅस चेंबरच्या अवशेषांजवळून परत फिरतो, कारण पुढे चालायचा सगळ्यांना कंटाळा आलेला असतो.

तुम्ही परत फिरू नका. अगदी मागे 'सॉना' नावाची विटांची इमारत आहे. कैद्यांना तिथे नागडं करून, केस भादरून क्रमांक देत. आत आता मेलेल्यांच्या सामानात सापडलेले घरगुती फोटो लावलेत, बरेचसे बेंझिन आणि सोस्नोविएत्स या पोलिश गावांतले. लग्नं, पोहायला गेलेली पोरं, दात काढून हसणारी एक मावशी. बराकींनी जे कळलं नाही ते इथे कळतं. तिथे मी होतो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं.

मिठाची खाण ठीक आहे. त्याच दिवशी जाऊ नका.

१४ वर्षांखालच्या मुलांना आणू नका, संग्रहालयही तेच सांगतं. वेळ उरला तर ओश्वियेंचिम गावात जा. युद्धाआधी निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. गावातला शेवटचा ज्यू रहिवासी २००० साली वारला, एक सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) उरलंय आणि त्याशेजारी छोटं संग्रहालय. क्राकोवची शेवटची बस किती वाजता, ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर टॅक्सीवाला उरलेले झ्लॉटी (पोलिश चलन) काढून घेईल.