भंगारातलं इंजिन: आधी ओळख, मग पान्हा

भंगारातून आणलेल्या जुन्या डिझेल इंजिनाची आधी फक्त ओळख पटवायची, पान्ह्यांची पेटी नंतर. पितळी पाटीवर भिस्त ठेवू नये. दोन स्क्रूंवरची पाटी कुठल्याही इंजिनावर बसते. बिडावर (ओतीव लोखंडावर) उठून आलेले आकडे त्याहून फसवे. ते साच्याचे क्रमांक, म्हणजे त्या साच्यातल्या प्रत्येक नगावर तेच. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ठोकलेला, खोलगट असतो. रॉकेल आणि फडक्यानं हळूहळू पुसत शोधावा. ग्राइंडर फिरवला तर गंजाबरोबर क्रमांकही जातो.

मग मापं. उभं, एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील (फिरतं चाक), बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 114.3 मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 139.7 मिमी (साडेचार आणि साडेपाच इंच) भरला, तर हे लिस्टर कंपनीच्या 6/1 या इंजिनाच्या घराण्यातलं. 0.7854 × बोअरचा वर्ग × स्ट्रोक केलं की सुमारे 1,433 सीसी येतात. पण मिनिटाला 600 फेऱ्यांच्या लिस्टर 5/1 ची मापंही हीच, 6/1 फिरतं 650 ला; शिवाय नकला भरपूर. म्हणून मापांवरून घराणं कळतं, कारखाना नाही.

आटे मोजायला विसरू नये. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) बोल्टाला इंचात 12 आटे, कोन 55 अंश. यूएनसी या अमेरिकन मापाच्या बोल्टाला 13 आणि 60 अंश. एकाचा बोल्ट दुसऱ्यात एक-दोन फेरे गुमान जातो, पुढे जोर लावला की बिडातले आटे खरवडून निघतात.

जाम पिस्टन हा खरा संयमाचा भाग. फ्लायव्हीलच्या आऱ्यांत पहार घालून हिसका देणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. बीड वाकत नाही, तडकतं. सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओतून मुरू द्यावं, ॲसिटोन उडून जातं म्हणून अधूनमधून भर घालावी, आगीपासून लांब. हेड (सिलिंडरचं झाकण) काढलेलं असेल तर पिस्टनवर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. नाही सुटला तर हेड जागेवर ठेवून ग्रीस: व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट ढिले करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या भोकातून ग्रीसगन. पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 102 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 100 किलो दाब झाला की 10 टनांहून जास्त जोर येतो. क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा वाकडा दांडा) मधल्या कोनात असेल तरच याचा उपयोग. पिस्टन अगदी वरच्या टोकाला अडकला असेल तर सगळा जोर सरळ बेअरिंगवर जातो, क्रँक फिरत नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही भरू नये. दाबलेली हवा पिस्टन सुटताक्षणी उसळते, ग्रीस उसळत नाही.

पाण्याच्या जॅकेटची (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं त्या पोकळीची) तडक दिसत नसेल तर बाहेरून रॉकेल लावावं, कोरडं पुसावं आणि खडूची पूड फासावी. थोड्या वेळात ओली रेघ उमटली, तर हेड रंगवण्याचा उत्साह तिथेच आवरावा.

लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या कडेला झिजेचा कंगोरा तयार झालेला असतो. तो न काढता पिस्टनला नवी रिंग घातली तर वरची रिंग त्याला आपटून तुटते. रिंगचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरच्या इंचामागे 0.004 इंच धरावं, म्हणजे इथे साधारण 0.45 मिमी. रिंग पिस्टननं ढकलून लायनरमध्ये आडवी सरळ बसवावी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहावं. तिरकी बसली तर माप खोटं येतं.

सुट्या लोखंडी भागांचा गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि 12 व्होल्टचा डीसी पुरवठा पुरतो. भाग ऋण टोकाला, साधं लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. ॲल्युमिनियम या पाण्यात खाल्लं जातं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा हे काम उघड्यावरच.

हँडल मारण्याआधी दोन गोष्टी. फ्लायव्हीलची चावी (शाफ्टवर त्याला धरून ठेवणारी पाचर) घट्ट आहे ना आणि तिच्या खाचेपाशी तडा नाही ना, ते भिंगानं पाहावं. दुसरं, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा दांडा हातानं हलवून पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) न अडखळता शून्यापर्यंत जातो का बघावं. जुनं डिझेल गोंदासारखं वाळून रॅक उघडाच धरून ठेवतं आणि इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं. त्या वेळी हवेचं तोंड झाकायला सपाट फळी हाताशी असू द्यावी, तळहात नको.