परजीवी माश्या सोडता खरं, पण त्या खाणार काय?

जैविक कीड नियंत्रणाचा विषय निघाला की गाडी येऊन थांबते ती एकाच आकड्यावर, शेतात किती परजीवी माश्या, म्हणजे किडीच्या अंगात, अंगावर नाहीतर तिच्या अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, सोडल्या. त्या जगल्या किती दिवस हे कोणी विचारतच नाही, आणि मला तर तोच खरा प्रश्न वाटतो.

बऱ्याच जणांना वाटतं की ही परजीवी गांधीलमाशी किडीला आतून पोखरत वाढली म्हणजे जन्मभर तेच खाणार. तसं नाहीये. पंख फुटून बाहेर आली की तिला लागते साखर. फुलातला मकरंद, मावा किडीने पानावर सोडलेला गोड चिकटा, नाहीतर कापूस-चवळीसारख्या झाडांना फुलाबाहेर ज्या मकरंदग्रंथी असतात ना, तिथला रस. आणि गंमत बघा, बहुतेक जातींच्या प्रौढ माश्यांना साखर खाऊन नवीन चरबी फारशी बनवताच येत नाही, म्हणजे लहानपणी किडीतून मिळाली ती शिदोरी तेवढीच, वरून साखर नाही मिळाली की तीच जाळत बसायची. उपाशी माशी बरेचदा दोन-तीन दिवसांत आटोपते, मध मिळाला तर तीच जात काही आठवडे सुद्धा काढते.

आता म्हणाल काही माश्या किडीचं रक्त पितात की! पितात. खवले किडीवरची अफायटिस नावाची परजीवी माशी अंडी घालायच्या सुईनेच किडीला भोक पाडते, मग वळून तिथून येणारा रस चाटते. पण त्यातलं प्रोटीन मुख्यतः अंडी तयार करायला जातं. नुसत्या किडी दिल्या आणि मध नाही दिला तर बिचारी थोड्याच दिवसांत मरते.

चिकट्यावर पण फार भरवसा नको, त्यातल्या काही साखरा माश्यांना तितक्याशा मानवत नाहीत आणि वाळला की तो चाटणंही अवघड. फुलांचं म्हणाल तर यांची तोंडं आखूड, त्यामुळे खोल नळीच्या फुलात कितीही मकरंद असला तरी काय उपयोग, कोथिंबीर, शेपू, बकव्हीट (कुट्टू) अशी उघडी फुलं पाहिजेत.

लॅबमध्ये ट्रायकोग्रामाला, म्हणजे किडीच्या अंड्यात वाढणाऱ्या परजीवी माशीला, मध देताना नळीच्या आत अगदी बारीक रेघ ओढायची. ही माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, जाड थेंब ठेवला की पाय-पंख चिकटून तिथेच मेलेली सापडते. सोडायच्या आधी खाऊ घालणं मात्र सोडू नये, कारण भुकेली माशी किडीची अंडी शोधायचं सोडून आधी खाणं शोधत फिरते.

फुलं लावण्यात एक लोचा आहेच. किडीचे पतंग पण तोच मकरंद पितात, आणि त्यांची सोंड लांब. म्हणून हाताला लागेल ते फुलझाड बांधावर लावू नका, संध्याकाळी त्या फुलांवर कोण येतंय ते आधी जाऊन बघा.