३५ अंशांतही तीच लय

सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे प्रकाशातून अन्न बनवणाऱ्या जिवाणूंच्या, जैविक घड्याळाबद्दल मी वाचलेलं पुष्कळ होतं. सायनेकोकॉकस एलाँगेटस या जिवाणूत काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीन प्रथिनं वेळ राखतात, त्यांची जनुकं १९९८ मध्ये सापडली, हे पाठ होतं. २००५ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठात ताकाओ कोंदो यांच्या गटाने ही तीन प्रथिनं एटीपी या पेशीच्या ऊर्जारेणूसोबत नळीत मिसळली आणि पेशीशिवाय, जनुकांशिवाय घड्याळ चालू राहिलं, हेही माहीत होतं. तरी तोच प्रयोग आपल्या हातून झाला, तो दिवस वेगळाच होता.

तत्त्व सरळ आहे. काय-ए काय-सीला स्वतःवर फॉस्फेट चढवायला लावतं. फॉस्फेट पुरेसे चढले की काय-बी येऊन काय-सीला बिलगतं आणि काय-एला अडकवून ठेवतं. मग फॉस्फेट उतरू लागतात, सगळे उतरले की काय-ए मोकळं होतं आणि फेरी पुन्हा सुरू. जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगळी करणाऱ्या थरावर, फॉस्फेटवाल्या काय-सीचा पट्टा (बँड) किंचित वर दिसतो, बिनफॉस्फेटचा खाली.

नळ्यांचे दोन संच होते, एक २५ अंशांवर, दुसरा ३५ वर. दर चार तासांनी थोडं मिश्रण काढायचं आणि लगेच एसडीएस बफरमध्ये, म्हणजे प्रथिनांची घडी मोडणाऱ्या द्रावणात, टाकायचं, म्हणजे क्रिया तिथेच थांबते. रात्रपाळीला माझी एक ज्युनियर सोबत होती. ती म्हणाली, "ताई, ३५ वाली नळी आधी धावेल ना?" प्रश्न अगदी रास्त होता. उन्हाळ्यात दही लवकर लागतं, थंडीत रेंगाळतं. दहा अंश वाढले की बहुतेक रासायनिक क्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. या हिशेबाने ३५ अंशांवर दिवस दहा-बारा तासांत उरकायला हवा होता.

जेल रंगवून, जादा रंग धुऊन (डिस्टेन करून) लाइटबॉक्सवर ठेवली. दोन्हींत वरचा बँड गडद होत गेला, फिकटला, पुन्हा गडद झाला. आणि दोन्हींचा कालावधी जवळजवळ सारखा, एका दिवसाच्या आसपास! आम्ही स्कॅन करून बँडची घनता मोजली, आलेख एकावर एक ठेवले. फरक होता तो अगदी थोडा. ज्युनियर काही बोललीच नाही, नुसती आलेख पाहत राहिली.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती काय-सीची मंद चाल. त्याचा एक रेणू दिवसभरात जेमतेम १५ एटीपी मोडतो, आणि तो दरही तापमानाने फारसा बदलत नाही. एन्झाइम म्हटलं की सेकंदाला शेकडो फेऱ्या मोजायची आपल्याला सवय, आणि इथे दिवसाला पंधरा! अनुकूल परिस्थितीत हा जिवाणू दिवसातून अनेकदा विभागतो, तरी लेकपेशींचं घड्याळ आईच्याच वेळेवर पुढे चालतं. माझ्या मते ते याच संथपणामुळे शक्य होतं.

दुपारी सर आले. आलेख बघून हसले, पण पहिला प्रश्न कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नळीचा. काय-बी न घातलेल्या नळीची जेल दाखवली. काय-सीवर फॉस्फेट चढले होते आणि ते चढलेलेच राहिले होते, उतार कुठेच नव्हता. "आता ३० अंशांवरही चालव," ते म्हणाले. मी संध्याकाळीच प्रथिनं बर्फावर काढली.