चाळीस मीटरचा बिटएक्स: वीस क्रिस्टल, एक बल्ब आणि कूलर

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना हातात आल्यावर पहिले पंधरा दिवस मी नुसता ट्रान्सीव्हरच्या (ऐकण्या-बोलण्याच्या संचाच्या) किटांचे फोटो बघत होतो. व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन मिळाला, आता काय घेऊ? ज्याला विचारावं तो आपलंच मशीन सुचवायचा.

मोर्स मला येत नाही. माझ्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेला ते लागत नाही म्हणून शिकायचं टाळलं, त्याचा पश्चात्ताप आता होतो. त्यामुळे क्यूआरपी लॅब्जचं क्यूसीएक्स बाद झालं, कारण ते फक्त मोर्सचं. मायक्रोबिटएक्स ३ ते ३० मेगाहर्ट्झ सगळं देतं, वॅटही दहाच्या आसपास. पण त्याचा बोर्ड तयार जडवलेला येतो. आपण नॉब, जॅक आणि डबा जोडायचा. मला हात पोळून घ्यायचे होते. म्हणून ओळखीच्या एका हॅमकडची कोरी पीसीबी घेतली आणि एकाच बँडचा, ७ मेगाहर्ट्झचा (यालाच चाळीस मीटर बँड म्हणतात) साधा बिटएक्स ट्रान्सीव्हर बांधायचं ठरवलं.

हे डिझाइन हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचं. त्यात खुबी अशी की बरेचसे अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी चालतात. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून हेडफोनकडे जातो, बोलताना त्याच पायऱ्या उलट्या चढतो, फिल्टरही तोच. म्हणजे रिसीव्हर नीट वाजला की निम्म्याहून जास्त ट्रान्समीटर आपोआप तपासून होतो. नवशिक्याने हाच निवडावा असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. स्वस्त आहे हे नंतरचं.

सामान नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलं. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर सहज मिळाले. टोरॉइड (कॉइल गुंडाळायची चुंबकीय कडी) विचारले तर दुकानदार म्हणाला, "ते नाही भाऊ. टीव्हीचा बलून चालते काय?" चालतो! बलून म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या जोडणीतला दोन भोकांचा छोटा फेराइट गाभा; ट्रान्सफॉर्मरसाठी तोच वापरला. बारा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल मात्र एकदम वीस मागितले, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

वीस कशाला? हवा तेवढाच सिग्नल पुढे सोडणाऱ्या फिल्टरमध्ये लागतात चारच, पण ते एकमेकांना जुळणारे हवेत. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर ब्रेडबोर्डवर लावला, फ्रिक्वेन्सी काउंटर जोडला आणि एकेक क्रिस्टल घालून आकडा लिहीत गेलो. पहिली फेरी पूर्ण वाया गेली. बोटांनी क्रिस्टल बसवला की आकडा काही सेकंद सरकतच राहतो; डबीला बोटाची ऊब लागलेली असते. वर कूलरचा वारा सरळ टेबलावर येत होता. कूलर बंद केला, चिमट्याने क्रिस्टल बसवले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं दिली. आतून आई ओरडली, "कूलर काहून बंद केला रे? जीव जाते इथं!" मे महिन्यातल्या नागपुरात हा प्रश्न रास्तच होता. पाऊण तास दोघांनीही घाम गाळला. वीसपैकी चार क्रिस्टल ६० हर्ट्झच्या आत सापडले. उरलेल्यांतला एक बीएफओला (सिग्नलमधून आवाज परत काढायला लागणाऱ्या ऑसिलेटरला) लावला, बाकी डबीत.

कॉइल गुंडाळण्याबद्दल एकच सांगतो. एकाच भोकाच्या कडीवर तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला, बाहेरून मोजू नका. माझा एक वेढा तसाच कमी पडला होता. आणि तारेवरचं इनॅमल ब्लेडने खरवडून, मल्टीमीटर बीप देतो की नाही ते बघूनच सोल्डर करा. वरून चकचकीत दिसणारा जोड आतून कोराच असतो.

व्हीएफओसाठी, म्हणजे स्टेशन लावायच्या ऑसिलेटरसाठी, एसआय५३५१ चिप आणि तिला चालवायला आर्डुइनो नॅनो बोर्ड. क्रिस्टलच्या बारा मेगाहर्ट्झमधून व्हीएफओचे पाच वजा केले की सात. ते जोडून, गच्चीवरची तार लावून हेडफोन घातला, तर नुसता भुंगा. घरातला एकेक स्विच बंद करत फिरलो. भुंगा कूलरच्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येत होता. नॉब मध्यावर असला की सगळा बँड गुणगुणतो, फुल केला की जवळजवळ गप्प. आता पंखा कायम फुलवर, आई खूश.

ती तार म्हणजे डायपोल, मधोमध केबल जोडलेली दोन पायांची अँटेना. तिचे दोन्ही पाय १०.२ मीटर कापले होते. पाण्याच्या टाकीशेजारी जीआय पाइप उभा करून इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच, टोकं खाली) केला. उधार आणलेल्या नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) रेझोनन्स ६.९५ मेगाहर्ट्झला दिसला, म्हणून दोन्ही टोकांकडून साधारण २० सेंटीमीटर कमी केले. आधी लांबच ठेवा. कापलेली तार परत जोडायला फार कंटाळा येतो. त्यानंतर सकाळी साडेसहाला हिंदी गप्पा स्पष्ट ऐकू आल्या. कोणी तरी आपल्या पाण्याच्या मोटारीबद्दल तक्रार करत होता.

मग आयआरएफ५१०, म्हणजे ट्रान्समीटरचा शेवटचा, वॅट देणारा मॉस्फेट ट्रान्झिस्टर. पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या वायरमध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा, हे एका जुन्या हॅमने बजावलं होतं. मला ते जरा म्हातारपणाचं वाटलं, तरी ठेवला. स्विच दाबला आणि बल्ब लख्ख पेटला! या मॉस्फेटच्या मागचा पत्रा म्हणजेच ड्रेन, १२ व्होल्ट येतात ते टोक. मी अभ्रकाची चकती लावली होती, पण त्या पत्र्याच्या भोकातून गेलेला स्क्रू लोखंडी होता आणि त्यावर प्लॅस्टिकची बुश नव्हती. सगळे १२ व्होल्ट स्क्रूवाटे हीटसिंकला आणि तिथून डब्याला. बल्ब नसता तर चोक (ड्रेनला वीज नेणारी कॉइल) जळाला असता. बुश घातली, बल्ब विझला. मग माइकवर न बोलता पीटीटी (बोलायचं बटण) दाबून करंट १०० मिलीअ‍ॅम्पने वाढेपर्यंत मॉस्फेटच्या बायसचा ट्रिमर फिरवला.

डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा भार) म्हणून दोनशे ओहमचे दोन-दोन वॅटचे चार रेझिस्टर समांतर लावलेत. त्यावर जोरात "हॅलो" म्हटलं की पीक २४ व्होल्ट दिसतात, म्हणजे साधारण ६ वॅट.

काल मागच्या गल्लीतल्या मित्राने डमी लोडवरचं माझं बोलणं आपल्या रिसीव्हरवर ऐकलं. म्हणे, "मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटते बे." बीएफओ फिल्टरच्या कडेच्या फार जवळ बसलाय बहुतेक. शिवाय मी गप्प असतानाही त्याला बारीक शिट्टी येते, म्हणजे कॅरिअर (आवाज न चढवलेली मूळ लहर) गळतोय. ट्रिमरने तो दाबायचा आहे. अँटेना तोवर रिसीव्हपुरतीच.